भिंतीवर उतरलेली रहाड

नाशिक,
दि. २ मे २०२५

चि. स्वानंदी हिस,
आशीर्वाद.

तुझा निरोप मिळाला. रोमन लिपीत लिहिलेली मराठी मी वाचत नाही, हे तुला ठाऊक आहे. तरी वाचली, आणि दोनदा वाचावी लागली. पुण्यात देवनागरी उमटवणारे फोन मिळत नसावेत. उत्तर मात्र कागदावर देत आहे, कारण फोनवर मी बोलू लागले की तू ‘हो मॅडम’ म्हणतेस आणि संभाषण तिथेच संपते.

इकडे सर्व ठीक. उन्हाळा कडक आहे. द्राक्षांचा हंगाम सरला आणि आंब्यांच्या नावाखाली बाजारात जे काही आले आहे त्याविषयी न बोललेले बरे. कुसुमताईचा गुडघा अजून कुरकुरतो, ती त्याहून अधिक. ‘धाकट्या बहिणीकडे चार दिवस पाहुणी म्हणून आले आणि हिच्या घरची स्वयंपाकीण झाले,’ असे ती शेजाऱ्यांना ऐकवत असते. जाण्याचे नाव काढत नाही, आणि तिने जाऊ नये असे मला वाटते. पण हे तिला कळता कामा नये.

तू लिहितेस, ‘मॅडम, मला क्षमा करा. मी पुन्हा ओल्या मातीला हात लावणार नाही.’ आणि खाली, जणू ती एखादी किरकोळ बाब असावी तशी, लग्नमंडपांसाठी थर्मोकोलचे महाल कापणाऱ्या मंडळींकडे कायमची रुजू होत असल्याची बातमी. क्षमेचे पुढे पाहू. हा निर्णय मात्र मला मान्य नाही. का मान्य नाही ते मी क्रमाने सांगणार आहे. घाईने शेवटच्या पानावर उडी मारू नकोस. ती सवय तुला आहे.

पहिली बातमी ही की उठावशिल्प भिंतीवर चढले. नव्या बस स्थानकाचे प्रतीक्षालय आता खुले झाले असून आपली वाट पाहणारी माणसे खऱ्या वाट पाहणाऱ्यांच्या डोक्यांवर बसली आहेत. डाव्या टोकाला टोपली मांडीशी धरलेली पेठची बाई, तिच्या शेजारी तांदळाच्या पोत्याला टेकून पेंगणारा घोटीचा व्यापारी, मधली ती सगळी कुटुंबे, आणि उजवीकडे पैठणीची घडी तान्ह्या मुलासारखी सांभाळणारा येवल्याचा विणकर. शिल्प पाट्या-पाट्यांनी ओतले होते, त्यांचे सांधे चांगले बुजले आहेत. मधल्या एका सांध्याविषयी मी समाधानी नाही, परंतु तो दोष माझ्याखेरीज कुणाला दिसणार नाही, आणि मला तो रोज दिसणार आहे.

डाग आहे तसाच आहे.

आता तुला ठाऊक असलेलेच पुन्हा लिहिते, कारण क्रम मांडल्याशिवाय मला विचार करता येत नाही. शाडूतले काम पूर्ण झाले होते आणि साचा घ्यायचा होता. मातीवर पहिला पातळ थर रंगीत प्लास्टरचा चढवायचा, त्यावर जाड पांढरा. पुढे आतली माती काढून त्या साच्यात शिल्प ओतून साचा छिन्नीने फोडू लागलो की रंगीत थर इशारा देतो: हात हलका कर, खाली शिल्प आहे. या थरात आपण नेहमी कपड्यांची नीळ घालतो. त्या दिवशी नीळ संपलेली होती आणि दुकाने बंद होती, कारण ती रंगपंचमी होती. तू सुट्टी मागितली होतीस. मी म्हणाले होते, ‘सणासाठी माती थांबत नाही, तिला तडे जातात.’ त्यामुळे तू तुमच्या चौकातल्या रहाडीत उडी मारून तशीच आलीस. नखशिखांत केशरी, केसांतून थेंब गळत असलेली, आणि हातात एक भरलेला डबा.

पंचमीला उघडणाऱ्या त्या जमिनीखालच्या हौदांविषयी माझे मत तू पुष्कळदा ऐकले आहेस. फुले उकळून केलेल्या रंगाच्या पाण्यात शेकडो माणसांनी एकमेकांच्या अंगावर उड्या घेणे यात सौंदर्य असेलही, स्वच्छता नाही. तू डबा पुढे केलास. ‘मॅडम, नीळ नाही तर नाही, आमच्या रहाडीचा रंग घ्या. हळदीच्या नवरीवरसुद्धा इतका चढत नाही!’

मी डब्यात पाहिले आणि काय म्हणाले ते तुला आठवत असेल. ‘निळीपेक्षा ही छटा सुसंस्कृत आहे,’ असे म्हणाले.

नीळ पाण्यात विरघळत नाही, नुसती तरंगते. म्हणून ती साच्यातच राहते. फुलांचा रंग पाण्यात विरघळतो आणि पाणी जाईल तिथे जातो. ओले प्लास्टर तर पाणी प्यायलाच बसलेले असते. हे मी तुमच्या वर्गाला फळ्यावर आकृती काढून शिकवले आहे, आणि त्या सकाळी आकृती काढणारीला ते आठवले नाही. सबब चूक तुझी एकटीची, हे विधान गणितीदृष्ट्या चुकीचे आहे. सुट्टी नाकारली मी, रंग पसंत केला मी. तू फक्त डबा आणलास.

साचा फोडला तेव्हा डावीकडच्या पाट्यांवर, पेठच्या बाईच्या पावलांपासून व्यापाऱ्याच्या खांद्यापर्यंत, तो केशरी रंग आत उतरलेला दिसला. तू ओल्या फडक्याने पुसलेस, मग कानशीने घासू लागलीस, आणि जितके घासावे तितका तो खोलच होता. मग तू खाली बसलीस. मी एक शब्दही बोलले नाही. त्या मौनाचा अर्थ तू काय लावलास ते तुझ्या निरोपावरून कळते. त्याचा खरा अर्थ काय होता, त्याकडे मी येईन.

दुसऱ्या दिवशी तू आली नाहीस. आले ते कंत्राटदाराचे मुकादम खंडेराव. त्यांनी पाट्यांकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, ‘मॅडम, टेन्शन कशाला घेता? एक डबा डिस्टेंपर. दुपारच्या आत सगळं पांढरंफेक करून देतो.’

‘खंडेराव,’ मी म्हणाले, ‘आपण जिथे उभे आहात तिथून एक पाऊलही पुढे टाकू नका.’

‘बरं, ऑइल पेंट मारू. पुसता तरी येईल.’

या गृहस्थांना मी दाराबाहेर कसे काढले ते कुसुमताई आता अभिनयासह सांगते. रंगाच्या एका हाताने त्या बाईच्या पापण्या बुजल्या असत्या, हे त्यांना समजावणे माझ्या शक्तीपलीकडचे होते.

मग उपेंद्र आला. इमारतीचा रचनाकार म्हणून त्याच्या अभिरुचीविषयी माझ्या शंका कायम आहेत (ते खांब!), पण माणूस सरळ आहे. पाट्यांसमोर तो बराच वेळ उभा राहिला. म्हणाला, ‘आभाताई, मी वर बोलतो. मुदत वाढवून मिळेल, साहित्याचीही सोय होईल. ही डावी बाजू तुम्ही पुन्हा करा.’

‘नाही,’ मी म्हणाले.

‘तुम्ही? तुम्ही असं म्हणताय? गेल्या वेळी एक कान मनासारखा नव्हता म्हणून तुम्ही आख्खं शिल्प फोडलं होतं!’

‘हे असेच राहील.’

त्याने हात जोडले. ‘खरंच, मोठं मन आहे तुमचं. त्या मुलीला सांगायला हवं.’

त्याने तुला सांगितलेच, हे तुझ्या निरोपातल्या ‘तुमच्या मोठेपणापुढे’ या शब्दांवरून दिसते. ते मोठेपण मी न बोलता स्वीकारले आणि घरी घेऊन आले. गेला महिनाभर ते घरात आहे आणि मला त्याच्यासोबत राहणे अवघड झाले आहे.

त्याआधी प्रतीक्षालयातली एक गोष्ट. ती तुझ्या हक्काची आहे.

शिल्प लागल्यावर मी तिथे रोज जाऊन बसू लागले. बाकावर, वर्तमानपत्र उघडे धरून, ओळख न देता. लोक शिल्पाकडे पाहत नाहीत. ते फलाटाकडे पाहतात, फोनकडे पाहतात, आणि पाठ टेकायला जागा हवी म्हणून भिंतीकडे वळतात. एका इसमाने घोटीच्या व्यापाऱ्याच्या पोत्यावर आपली पिशवी अडकवता येते का हे पाहिले. मी खाकरले. त्याने मलाच विचारले, ‘तुमची का काय ही भिंत?’

एका संध्याकाळी पेठकडच्या दोन वृद्ध बाया येऊन माझ्या शेजारी टेकल्या. एकीचे नाव नवसाबाई होते, हे दुसरी तिला प्रत्येक वाक्यात हाक मारत असल्यामुळे कळले.

‘नवसाबाई, त्या भित्तीला ओल आली का काय गं? नवीकोरी भित्त, आन् लगेच गळाया लागली.’

माझ्या हातातला कागद चुरगळला, हे मान्य करते.

‘ओल कशाची!’ नवसाबाई म्हणाल्या. ‘ऊन पडलंय त्ये.’

‘ऊन? आत्ता? दिवस बुडाला की.’

‘मंग सकाळचं असंल. तवाधरनं बसलीत बिचारी. पेठची गाडी हाय ना, यायची नाय लवकर.’

दोघी हसल्या, इतक्या की एकीला ठसका लागला आणि दुसरीने तिच्या पाठीत धपाटे घातले. आणि मी, स्वानंदी, वर्तमानपत्राच्या आड तोंड लपवून हसले. मग मान वर करून पाहिले. खरोखरच ते ऊन होते. डाव्या दाराच्या बाजूने, पावलांवरून चढत खांद्यापर्यंत आलेले कोवळे ऊन. ज्या उंचवट्यांवर आपण प्रकाश पडावा म्हणून इतके झटलो, त्यांच्यावर दिवसभर न हलणारे ऊन पडले होते. मी ते कधीच योजले नसते. योजले असते तर ते वाईट झाले असते, कारण मी त्याची कड सरळ केली असती.

कुणी मला खुश करायला असे म्हणाले असते तर मी त्याला उभे केले नसते. त्या दोघींना मी कोण हेच माहीत नव्हते. त्या आपल्या एसटीला हसत होत्या. म्हणूनच मी त्यांची आभारी आहे. त्यांची गाडी आली तेव्हा उठून दोन शब्द बोलावे असे वाटले. पण काय बोलणार? त्या टोपली आणि पिशव्या सावरत धावल्याही.

येथवर मी जे लिहिले ते सर्व खरे आहे. या पानाशी थांबले तर तू समजशील की मॅडमनी डाग स्वीकारला, कारण तो सुंदर निघाला. पण उपेंद्रला मी नाही म्हणाले तेव्हा मला त्यात ऊनबीन काही दिसत नव्हते. तेव्हा मला तो डागच दिसत होता आणि माझ्या मनात त्या पाट्या फोडायची इच्छा होती.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. मी चुलीवरून, म्हणजे गॅसवरून, दुधाचे पातेले उतरवत होते. ताई ओरडली, ‘अगं आभे, सांडशी कुठाय? हात आहे की लाकूड?’ मी खाली पाहिले. बोटे पातेल्याच्या काठावर होती, आणि मला ते गरम असल्याचे ठाऊक नव्हते.

मानेच्या मणक्यात नस दाबली गेली आहे. डॉक्टर म्हणतात, शस्त्रक्रियेने ती आणखी दाबली जाणे थांबेल. गेलेला स्पर्श परत येईल असे ते म्हणत नाहीत. हात चालतो. पेन धरता येते, छिन्नी मारता येते, कुणाला दार दाखवता येते. फक्त बोटांच्या टोकांवर कुणीतरी न काढता येणारे मोजे चढवले आहेत. उठावात गालाची चढण तांदळाच्या दाण्याएवढी असते. ती डोळ्यांनी होत नाही. मी ती आयुष्यभर डोळे मिटून केली. जानेवारीत येवल्याच्या विणकराच्या गालावर बोट ठेवले आणि डोळे मिटले, तर तिथे गाल नव्हता. काहीच नव्हते.

त्या दिवशी मी तुला म्हणाले, ‘हा चेहरा तू कर. पाहू काय शिकलीस ते.’ मग दुसरा. मग पेठच्या बाईच्या पापण्या. तू समजलीस, मॅडम परीक्षा घेत आहेत. मी मागे उभी राहून दोष काढत राहिले, कारण दोष काढायला डोळे पुरतात.

आणि प्लास्टर. ते घट्ट होताना तापते, आणि ती ऊब चढून उतरली की मगच हलवायचे. मी दर वेळी तळवा ठेवून तुझ्याकडे वळत असे: ‘स्वानंदी, ऊब आली का?’ तू हात ठेवून म्हणायचीस, ‘आली, मॅडम.’ मी गंभीरपणे मान हलवीत असे, जणू उत्तर मला आधीच माहीत होते.

हे लिहिताना मला एक गोष्ट आठवली आणि मी पेन खाली ठेवून उठले, अंगणात फेरी मारून आले. शेवटच्या पाट्यांच्या वेळी मी तुला विचारलेच नाही. मी विचारण्याआधीच तू सांगू लागली होतीस. मी तळवा ठेवायच्या आत, पाठमोरी उभी राहून, फडके पिळता पिळता, अगदी सहज: ‘मॅडम, आता आली हं ऊब.’ ‘मॅडम, उतरतेय.’

तुला ठाऊक होते. कधीपासून?

म्हणजे तू खाली बसलीस ती एका डागामुळे नव्हे. डाग तर पुन्हा केल्याने गेला असता, आणि पुन्हा करण्याचा कंटाळा तुला कधीच नव्हता. तू खाली बसलीस कारण तुला कळले होते की मी ते पुन्हा करू शकत नाही. म्हणजे, तुझ्या मते, माझे शेवटचे काम तुझ्या हातून बिघडले. आणि माझे मौन? मी उभी राहून हाच हिशेब करत होते, पुन्हा होईल का, आणि उत्तर येत होते, नाही. राग त्यात नव्हता. भीती होती. रागावलेली मी तू पाहिली आहेस. घाबरलेली पाहिली नव्हतीस, म्हणून ओळखली नसावीस.

एवढे जाणूनही तू कुणाजवळ बोलली नाहीस. उपेंद्रने माझे मोठे मन तुला सांगितले तेव्हाही, ‘तसं नाही, त्यांची बोटं गेली आहेत,’ असे म्हणून स्वतःची बाजू हलकी करता आली असती. तू माझा मान राखलास आणि त्याची किंमत म्हणून पुण्याला थर्मोकोल कापायला गेलीस. स्वानंदी, माझ्या गुरुजनांनी मला पुष्कळ दिले, परदेशातल्या कलाशाळेने आणखी दिले. पण असे कुणी काही माझ्यासाठी केलेले मला आठवत नाही. हे मला नीट मांडता येत नाही. दोन वेळा लिहून खोडले; त्यातल्या त्यात हे तिसरे बरे आहे.

आता निर्णयाकडे.

ते माझे शेवटचे काम नाही. ते पूर्णपणे माझे कामही नाही. त्या भिंतीवरचे जे चेहरे लोकांना जिवंत वाटतात ते तुझ्या बोटांचे आहेत, हे मी उपेंद्रला काल सांगितले, बोटांच्या कारणासकट. मग त्याने आपल्या खांबांविषयी माझे मत विचारले. बहुधा मला बरे वाटावे म्हणून. मी ते दिले. मला बरे वाटले.

भिंतीवरच्या नामफलकात आता आपली दोन्ही नावे असतील. वर्णक्रमानुसार माझे आधी येते. त्याला माझा इलाज नाही.

प्रतीक्षालयाची समोरची भिंत कोरी आहे. तीही भरायचे ठरते आहे. उपेंद्रने विचारल्यावर मी म्हणाले, ‘ती स्वानंदी करील. मी बाकावर बसून चुका दाखवीन.’

‘तिला विचारलंत का?’ तो म्हणाला.

‘विचारणार आहे.’

विचारण्याची मला सवय नाही. सांगण्याची आहे. म्हणून हे पत्र इतके लांबले.

तर विचारते. समोरची भिंत तू करशील का? विषय तुझा, माती तुझी, नाव फक्त तुझे. वाट पाहणारी माणसे पुन्हा नकोत; एवढे एकच मत देते, आणि तेही तू मोडू शकतेस. जे करशील ते मला आवडेलच असे नाही. नाही आवडले तर मी तसे स्पष्ट सांगेन, आणि तरीही तुला ते तसेच ठेवता आले पाहिजे. हे मी तुला शिकवलेले नाही. शिकवायला हवे होते; आता माझ्यासमोरच शीक.

नको वाटले तर ‘नको’ असे लिही, मी वाद घालणार नाही. फक्त कारण म्हणून माझा डाग पुढे करू नकोस. तो माझ्याकडे सुखरूप आहे, आणि तो मी कुणाला परत देणार नाही.

ताई विचारते की तू आलीस तर जेवायला काय करू. मी तिला सांगितले आहे की तू येशील की नाही हे अजून ठरलेले नाही. ती म्हणाली, ‘मग नीट लिही त्या पोरीला. तुझं लिहिणं म्हणजे कोर्टाची नोटीस.’ मी माझ्या परीने नीट लिहिले आहे.

दर पत्राखाली मी ‘शुभेच्छुक’ लिहीत आले. ज्याच्याकडून काही घ्यायचे नसते, त्याच्यासाठी तो शब्द ठीक असतो.

तुझ्या दोन्ही हातांची ऋणी,
आभा